पडद्यापुढचा खड्डा

१८ जानेवारी १९३१, रविवार

ही डायरी आमचे जागामालक आबासाहेब यांनी दिली. कुठल्याशा विमा कंपनीची आहे. त्यांना दोन आल्या, म्हणून एक माझ्या वाट्याला. म्हणाले, "सिद्धनाथ, तुझं अक्षर वळणदार आहे, लिहीत जा." व्हर्नाक्युलर फायनल झाल्यापासून माझ्या अक्षराचं कौतुक कुणी केलं नव्हतं, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं हे कबूल करतो.

यंदा सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या जत्रेत सिनेमाचा तंबू होता आणि मी त्यात वाचणारा होतो. पडद्यावर अक्षरं आली की ती खड्या आवाजात वाचायची, आधी मराठीत, मग कानडीत सांगायची. वळसंग, दुधनी, मोहोळ, कुठून कुठून माणसं गाड्या जुंपून आली होती. राजा रडला की ती रडत होती, आणि राजा का रडतो ते त्यांना मी सांगत होतो. आबासाहेब एक दिवस तंबूच्या दारात उभे राहून सबंध खेळभर पडद्याकडे न बघता माणसांकडे बघत होते.

आज त्यांनी सांगितलं की सोलापुरात त्यांचं स्वतःचं पक्कं थिएटर होणार, आणि ते आमच्या शेडमध्ये. आमच्या म्हणजे त्यांच्याच. गिरणीच्या मागे लांब पत्र्याची शेड आहे, तीत घोंगड्यांचे सात माग, मागच्या बाजूला आमच्या सात खोल्या, पुढे मोठं अंगण. सातांतले चार माग केव्हाच बंद पडले, ती माणसं गिरणीत गेली. राहिले तीन. अगदी टोकाचा, भिंतीलगतचा, माझ्या बांचा. आबासाहेब रस्त्यापलीकडे नवी चाळ बांधताहेत, तिथं सगळ्यांना खोल्या देणार आहेत. मला तिकिटाची खिडकी आणि वाचायचं काम, दोन्ही कायमचं. वर म्हणाले, "खोली आधी तू निवड, मग बाकीचे."

बांना हे सांगितलं तेव्हा ते मागावर होते. दोरा घेऊन धोटा इकडून तिकडे जात होता, पाय मागाखालच्या खड्ड्यात चालले होते. हात न थांबवता "बरं" म्हणाले.

१ फेब्रुवारी

खोली निवडली. खालच्या मजल्यावर गटार दारावरून जातं आणि जमिनीला ओल आहे. मी सरळ माडीवरची घेतली. दोन खिडक्या, वारा भन्नाट, आणि मान जरा वाकडी केली तर सिद्धेश्वराच्या तळ्याचा तुकडा दिसतो. पलीकडच्या खोलीतली निंगव्वा बघायला आली होती. ती म्हणाली, तुझ्या आईनं पुण्य केलं म्हणून असा लेक झाला.

आई भिंतीला धरून जिना चढली. खोलीच्या मधोमध उभी राहून खाली बघत राहिली. मग टाच दोनदा आपटली.

"खाली लाकूड हाय व्हय?"

मी म्हटलं, सागवानी तुळया आहेत, वर फळ्या, त्यावर मातीचा थर, हत्ती नाचला तरी काही व्हायचं नाही. आईनं बांकडे पाहिलं. बा खिडकीत होते. ते बाहेरच बघत म्हणाले, "वारं चांगलं हाय." एवढं बोलले म्हणजे खोली आवडली.

८ मार्च

आज बिऱ्हाड हलवलं, आणि मी काय करून बसलो ते आज कळलं.

बांनी मागावरची घोंगडी अर्ध्यावर कापली, गुंडाळली आणि डोक्यावर घेऊन आले. मागून मागाची लाकडं आली. त्यांनी ती एकेक करून कोपऱ्यात उभी केली. मी घामाघूम, हौसेत. विचारलं, माग कुठल्या खिडकीखाली मांडायचा, उजेड इकडून चांगला येतो की तिकडून? मग आई म्हणाली, "मांडून पाय कुटं सोडायचं, खालच्या शिंप्याच्या डोस्क्यावर?"

मी तेवीस वर्षं त्या खड्ड्याच्या कडेला वाढलो. रांगता रांगता त्यात पडलो होतो, त्याची खूण अजून कपाळावर आहे. माग जमिनीवर असतो, विणणाऱ्याचे पाय जमिनीच्या पोटात, दाबायच्या पावड्यांवर, हे मला कुणी सांगायला नको. शाळेत मास्तरांनी निबंध घातला होता तेव्हा हेच लिहून मी शाबासकी घेतली होती. आणि विणकराच्या पोरानं विणकरासाठी खोली निवडली ती माडीवर.

तसाच आबासाहेबांकडे गेलो. खालची एकही खोली उरलेली नव्हती. एक सिद्धाप्पा शिंप्याची, एकीत चहाचं हॉटेल, एक पुण्याहून येणाऱ्या सिनेमाच्या मशीनवाल्याला. उरलेल्या आमच्याच लोकांनी घेतल्या होत्या, त्या मी नको म्हटल्यावर. आबासाहेब रागावले नाहीत. "तूच निवडलीस ना?" एवढंच म्हणाले.

बांना विचारलं, त्या दिवशी का बोलला नाहीत. म्हणाले, "तू हौसंनं निवडली हुतीस की."

२२ मार्च

बांनी आठ दिवस खटपट केली. लाकडं विटांवर चढवली, बसायला खोकं ठेवलं, पावड्या त्या खोक्याखाली बांधल्या. दोन हात कापड निघालंही. पण ठोका बसला की फळ्यांमधून माती झरायची, आणि खाली सिद्धाप्पा शिंपी एका वकिलाचा पांढरा कोट बेतत होता. तो वर आला. भला माणूस, भांडला नाही, नुसता कोट हातावर घेऊन उभा राहिला. बांनी त्याच्या देखत दोऱ्या सोडल्या.

तसाही उभ्या धाग्यांचा ताणा पसरायला अंगण कुठं राहिलंय? पहाटे अंगणभर लोकरीचा ताणा ताणून बा आणि आई त्याला चिंचोक्याची खळ लावायचे, दोघं दोन बाजूंनी कुंचे ओढत. त्या जागी आता माझी तिकिटाची खिडकी झाली आहे. खिडकी छान आहे, हिरवा रंग दिला आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

'नवरंजन थिएटर' आज सुरू झालं. रोषणाई, सनई, पेढे. मार्शल लॉ उठून वर्षही झालं नाही. या गावात चार माणसं एकत्र उभी राहायला भीत होती, आणि आज माझ्या खिडकीपुढं रांग हॉटेल ओलांडून गेली.

बांचा खड्डा मात्र शाबूत राहिला, हे लिहून ठेवायला हवं. बाकीचे सहा भरले. पडदा बांच्या मागाच्या भिंतीवर लागला आणि पेटी वाजवायला अक्कलकोटकडचे शिवयोगी आले. जागा बघून ते म्हणाले, हा खड्डा बुजवू नका. मी यात पाय सोडून बसेन, म्हणजे जमिनीवर बसलेल्यांना माझं डोकं आड येणार नाही. घोंगडीच्या मागाचा खड्डा तसा रुंद, दोघं आरामात बसतील. मी घरी येऊन मोठ्या आनंदानं हे सांगितलं. बांनी विचारलं, "कडंची फरशी तीच हाय?" तीच आहे म्हटलं.

१६ मे

आबासाहेबांचा हात लागेल त्याचं सोनं होतंय. थिएटरच्या बोळात सात दुकानं झाली. टांगे उभे राहतात. निंगव्वा पूर्वी बांना लोकरीचं सूत कातून द्यायची, ती आता दारात शेंगा भाजते आणि खूश आहे. चाळीतल्या खोल्यांना मागणी इतकी की लोक आमच्या जिन्यात येऊन विचारतात, कुणी सोडून जाणार आहे का.

आज मोहोळकडचा कोंडीबा धनगर लोकर घेऊन आला. बांचा जुना माणूस, दर हंगामाला येतो. गाठोडं खांद्यावर घेऊन रांगेतच उभा राहिला. त्याला वाटलं, ही सगळी घोंगड्यांची गिऱ्हाइकं. खिडकीशी येऊन मला म्हणाला, "सिदा, माग कुटं हाय रं?" मागची माणसं ढकलत होती. मी त्याला फुकट आत सोडलं. खेळ बघून त्याचे डोळे पाणावले होते, पण लोकर त्यानं बाजारात एका व्यापाऱ्याला दिली. ती मुंबईला जाते म्हणे. बांना न भेटताच गेला. मीच त्याला जिना दाखवायला विसरलो.

१४ जून

बा आज तीनच्या खेळाला आले. मला इतका आनंद झाला की सुटे पैसे देताना चुकलो. मार्चपासून ते खिडकीत बसून असत, जेवण निम्म्यावर आलं होतं. मी खुर्चीत बसवत होतो, पण ते अंधारात सरळ पुढे गेले आणि शिवयोगींच्या शेजारी खड्ड्याच्या कडेला बसले. इतक्या जवळून पडद्यावर काय दिसतं कोण जाणे. माणसाचं नाकच गाडीच्या चाकाएवढं दिसत असेल. पण आवडलं असावं, कारण रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

९ ऑगस्ट

बा रोज येतात. एकच चित्र चौदा दिवस चाललं तरी चौदाही दिवस. मशीनवाला थट्टा करतो की तुझे वडील नटीच्या प्रेमात पडले. मी हसतो. म्हातारपणी माणसाला नाद लागला तर लागू दे. निदान माझ्या हातून झालेल्या चुकीची थोडी भरपाई झाली. तेवढं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

शिवयोगी भेटले. म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या पायाचा ठेका लई पक्का हाय री. लढाई असू दे, लगीन असू दे, हलत न्हाय. मी आता त्येंच्या ठेक्यावरच वाजवतो." संगीताची जाण आमच्या घरात होती, हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. मी आईला सांगितलं. आई उठून चुलीकडे गेली.

१५ नोव्हेंबर

वाईट दिवस. आबासाहेबांनी भाडी वाढवली. थिएटरमुळं जागेचा भाव चढला, त्याला ते तरी काय करणार, असं ते म्हणाले. निरोप सांगायला मला पाठवलं, कारण माणसं माझी. चुलत्यांचं बिऱ्हाड आणि जुन्या शेडमधल्या म्हाळसाबाईचं बिऱ्हाड, दोघांनी खोल्या सोडल्या. रेल्वेच्या रुळापलीकडे कुडाची घरं घालताहेत, तिथं गेली. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मला वाटलं, निदान एक आपण घेऊ. संध्याकाळपर्यंत दोन्हींत नवी माणसं आली होती. एकीत फोटोग्राफर, एकीत पान-तंबाखू.

म्हाळसाबाई जाताना म्हणाली, "तू वाचून दावतोस त्यातलं दुष्ट कोन आन् चांगलं कोन ते आमास्नी कळतं बग. हितलं कळंना." आम्हांला भाडं वाढवलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं.

१७ जानेवारी १९३२, रविवार

गड्डा भरला आहे, पण यंदा तंबू नाही. आबासाहेबांनी येऊच दिला नाही. सगळी जत्रा आमच्याकडे लोटली. आणि आज फिल्म तुटली.

भर तीनच्या खेळात पडदा एकदम पांढरा झाला. माणसं शिट्ट्या मारू लागली. मशीनवाल्यानं दिवे लावले. मी वाचायला बाजूच्या भिंतीशी उभा असतो, तिथून सहज खड्ड्याकडे नजर गेली.

बांचे डोळे मिटलेले होते. पाय खड्ड्यात वर-खाली चालले होते, एक दाबला की दुसरा उचलत, जसे आयुष्यभर चालले तसे. आणि मांडीवर उजवा हात थोडा पुढे व्हायचा, डावा झेलायचा. मग डावा पुढे व्हायचा, उजवा झेलायचा. हातात काही नव्हतं. लोक ओरडत होते, शेंगांची टरफलं उडत होती, दिवे लख्ख होते, आणि बांना काहीच पत्ता नव्हता. शिवयोगींनी पेटी थांबवली नव्हती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून हळू वाजवत राहिले.

घरी आईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "सांच्याला पाय चेपते की रोज. मला ठावं असनार न्हाय तर कुनाला?"

सहा महिने मी त्यांना सिनेमाचं वेड लागलं म्हणून सांगत फिरलो. माझ्याइतका गाढव सोलापुरात दुसरा नसेल.

२१ फेब्रुवारी

बोलता सिनेमा येणार, हे महिनाभर कानावर होतं. आज नक्की झालं. मुंबईहून माणूस येऊन जागा बघून गेला. पडद्यामागे आवाजाचे कर्णे, पडदा दोन हात पुढे सरकणार, खालची जमीन सपाट करून शहाबादी फरशी. पेटी नको, वाचणारा नको. शिवयोगींना आजच सांगितलं. मला तिकिटाची खिडकी ठेवली आहे.

मी ठरवून आबासाहेबांकडे गेलो. वाटेत सगळं जुळवलं होतं की खड्डा पडद्याच्या पुढेमागे कुठंतरी राहू द्या, वर फळी टाकू, खेळ नसेल तेव्हा सकाळी तासभर बा तिथं बसतील. तोंडातून निघालं ते असं : "बांना पुढं बसायची सवय आहे." आबासाहेब हसले. खरंच प्रेमानं हसले. म्हणाले, "अरे, म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर कशाला बसवतोस? पहिल्या वर्गात त्यांना एक खुर्ची कायमची देतो. माझ्याकडून." आणि मी काय केलं? नमस्कार केला. आभार मानले. शेकडो माणसांपुढे राजांची आणि ऋषींची भाषणं खणखणीत वाचणारा मी, आणि माझं स्वतःचं एक वाक्य मला सांगता आलं नाही.

६ मार्च

खड्डा आज भरला. गवंडी दोन, देखरेखीला मी. बांना सांगितलं नव्हतं, तरी आले. हाताची घडी घालून उभे राहिले. गवंडी पाट्या ओतत होता. बा पुढे झाले. ते त्याला म्हणाले, "नुसती वतू नगंस. थरथरानं टाक, पानी मार, दाबून घे. न्हायतर पावसाळ्यात खचंल, वरची फरशी फुटंल." मग स्वतः उतरून पहिला थर पायानं दाबून दिला. पायाला माती लागली ती घरी येईपर्यंत धुतली नाही.

जुनी कडेची फरशी, जिच्यावर ते बसत आणि जिला मधोमध खळगा पडला आहे, ती मी बाजूला काढून घरी न्यावी म्हणत होतो. जिन्यावरून कशी चढवणार? गवंड्यानं ती तिकिटाच्या खिडकीपुढं पायरी म्हणून लावली.

२५ मार्च, शुक्रवार

बोलपट लागला. पुण्याच्या गाडीनंसुद्धा माणसं आली. पडद्यावरची बाई तोंड उघडून बोलली तेव्हा सगळं थिएटर एकदम गप्प झालं, मग टाळ्या थांबेनात. मी सवयीनं भिंतीशी जाऊन उभा राहिलो होतो. माझे ओठ हलत होते, ते बाजूच्या माणसानं पाहिलं आणि तो हसला. मी खिडकीत जाऊन बसलो.

शिवयोगी सकाळीच दुधनीला गेले. बांच्या पाया पडून गेले. बांनी पहिल्या वर्गातल्या खुर्चीत एक खेळ काढला. घरी येऊन म्हणाले, "लई आवाज हाय." परत गेले नाहीत.

१२ एप्रिल

खालचा सिद्धाप्पा शिंपी आज पुन्हा वर आला. शिवयोगींसारखाच कानडी माणूस, मराठी जपून बोलतो. म्हणाला, तक्रार नाही, पण दुपारी तीन वाजले की वरून ठकठक सुरू होते, ती दिवे लागेपर्यंत. एक पाय, मग दुसरा पाय. सुई चुकते. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, वर कोण नाचतंय.

मी म्हटलं, बघतो.

दुपारी मुद्दाम घरी आलो. बा खिडकीशी खोक्यावर बसले होते, तळ्याकडे तोंड करून, डोळे मिटून. पाय जमिनीवर चालले होते. आई पलीकडे तांदूळ निवडत होती. थांबा म्हणायला आलो होतो, ते म्हणवलं नाही. आणि म्हटलं नाही तर शिंपी आबासाहेबांकडे जाईल, खोलीसाठी जिन्यात माणसं उभीच आहेत.

१७ एप्रिल, रविवार

तोड काढली. काढली आईनंच, मी फक्त हात लावला. मागावरून अर्ध्यावर कापलेली ती घोंगडी कपड्यांच्या ट्रंकेमागे गुंडाळून ठेवली होती. ती काढली, चार पदरी घडी घातली आणि बांच्या पायाखाली सरकवली. बांनी डोळे उघडून खाली पाहिलं. घोंगडी ओळखली. काठावरून एकदा अंगठा फिरवला, जसा गिऱ्हाइकाला दाखवताना फिरवत. मग पाय उचलून तिच्यावर ठेवले आणि चालवू लागले.

मी खाली जाऊन सिद्धाप्पाच्या दुकानात उभा राहिलो आणि ठकठक येते का विचारलं. तो सुई हातात धरून वर कान लावून बसला. म्हणाला, आता काही ऐकू येत नाही.